झोतवाऱ्यातील विमान-अवतरण : स्थिरतेची कसोटी

विमानप्रवास ही आता केवळ महानगरांतील मूठभर लोकांची मिरास राहिलेली नाही. जिल्ह्याच्या गावचा शिक्षक, बाजार समितीचा सभापती, परदेशी असलेल्या मुलाकडे निघालेले शेतकरी दांपत्य असे सर्व थरांतील लोक आज विमानाने प्रवास करतात. या प्रवासातील सर्वांत नाजूक भाग शेवटच्या काही मिनिटांचा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन पावसाळ्यात विमान धावपट्टीकडे उतरू लागले, की ते हेलकावे खाते, इंजिनांचा आवाज क्षणात चढतो आणि क्षणात उतरतो, पंख डोलू लागतात. प्रवासी खुर्चीचा हात घट्ट धरतो आणि ‘विमान सुखरूप उतरेल ना?’ असा प्रश्न त्याच्या मनात येतो.

नेमका हाच प्रश्न त्या वेळी वैमानिककक्षातही विचारला जात असतो. फरक इतकाच, की तेथे तो भीतीपोटी विचारला जात नाही आणि त्याचे उत्तरही अंदाजाने दिले जात नाही. त्यासाठी ठरावीक उंची, ठरावीक मोजमापे आणि ठरावीक मर्यादा आधीच निश्चित केलेल्या असतात. या मर्यादांत बसणाऱ्या उतरणीस ‘स्थिर अवतरण’ म्हणतात, आणि न बसणारी उतरण अर्ध्यावर सोडून विमान पुन्हा वर न्यावे असा दंडक आहे. शांत हवेत ही कसोटी लावणे सोपे असते. सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र प्रत्येक काटा हलत असतो, आणि त्या हलण्यातून खरे काय व क्षणिक काय याचा निवाडा करावा लागतो.

स्थिर अवतरण म्हणजे काय?

प्रवासी विमान सामान्यतः क्षितिजाशी ३ अंशांचा कोन करून धावपट्टीकडे उतरते. हा उतार वाटतो त्यापेक्षा सौम्य असतो. १ किलोमीटर पुढे जाताना विमान सुमारे ५२ मीटर खाली येते. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए-३२० या जातीच्या विमानाचा या वेळचा वेग वजनानुसार १४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर असतो. या हिशेबाने ते मिनिटाला सुमारे ७०० फूट खाली उतरते. वैमानिक यासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात. जमिनीच्या सापेक्ष असलेल्या वेगाच्या नॉटना ५ ने गुणले, की मिनिटाला किती फूट उतरावयाचे ते मिळते.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अवतरणसमयीच्या अपघातांचा अभ्यास करून स्थिर अवतरणाच्या अटी मांडल्या, आणि थोड्याफार फरकाने त्या जगभरच्या विमान कंपन्यांनी स्वीकारल्या. त्यांचा सारांश असा :

१. विमान योग्य मार्गावर असावे, आणि त्या मार्गावर राहण्यासाठी दिशेत व नाकाच्या चढ-उतारात किरकोळच फेरफार करावे लागावेत.

२. वेग ठरलेल्या आधारवेगापेक्षा कमी नसावा आणि त्याहून २० नॉटपेक्षा अधिक नसावा. अनेक कंपन्या याहून कडक मर्यादा पाळतात. ठरविलेल्या लक्ष्यवेगापेक्षा १० नॉट अधिक किंवा ५ नॉट कमी झाल्यास तेथे सहकारी वैमानिकाने तसे मोठ्याने सांगावयाचे असते.

३. चाके खाली आलेली असावीत आणि पंखांमागील फ्लॅप अवतरणाच्या स्थितीत असावेत.

४. उतरण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांपेक्षा अधिक नसावा.

५. इंजिनांची शक्ती त्या उतरणीस साजेशी असावी. ती अगदी किमान पातळीवर पडलेली नसावी.

६. उतरण्यापूर्वीच्या सर्व सूचना आणि तपासण्या पूर्ण झालेल्या असाव्यात.

ढग किंवा धुके असताना विमानतळाच्या पातळीपासून १,००० फूट उंचीवर, आणि स्वच्छ दिसत असताना ५०० फूट उंचीवर, या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झालेल्या असल्या पाहिजेत. १,००० फूट उंचीवरून जमीन सुमारे ८० सेकंदांवर असते आणि ५०० फुटांवरून सुमारे ४० सेकंदांवर. एवढ्या अल्प अवधीत बिघडलेली उतरण सावरून, शिवाय विमानही सुरळीत टेकविता येईल, अशी आशा धरणे धोक्याचे असते.

या यादीतील पाचवी अट प्रथमदर्शनी अनावश्यक वाटेल. खाली उतरणाऱ्या विमानाला शक्ती हवी कशाला? याचे कारण जेट इंजिनाच्या स्वभावात आहे. किमान पातळीवर मंद फिरणारे इंजिन एकदम पूर्ण जोर देऊ शकत नाही. त्यास काही सेकंद लागतात. प्रवासी विमानांच्या मान्यतेच्या नियमांत यासाठी ८ सेकंदांचा अवधी गृहीत धरलेला आहे. मिनिटाला ७०० फूट उतरणारे विमान ८ सेकंदांत ९० फुटांहून अधिक खाली येते. म्हणून इंजिने ‘जागी’ ठेवूनच उतरणे शहाणपणाचे ठरते.

झोत विमानाला काय करतो?

वाहत्या नदीतील होडी आणि वाऱ्यातील विमान यांत एक साम्य आहे. होडी पाण्याच्या सापेक्ष चालते आणि काठाच्या सापेक्ष तिची गती वेगळी असते. तसेच विमानालाही दोन वेग असतात. एक हवेच्या सापेक्ष, ज्याच्या बळावर पंख विमानाला उचलून धरतात. आणि दुसरा जमिनीच्या सापेक्ष, ज्यावर धावपट्टी किती लागेल हे ठरते. १४० नॉट वायुवेगाचे विमान समोरून येणाऱ्या २० नॉट वाऱ्यात जमिनीवरून १२० नॉटनेच सरकते.

एकसारखा वाहणारा वारा कितीही जोराचा असला, तरी पंखांना त्याची झळ लागत नाही. त्रास होतो तो वारा बदलतो तेव्हा. काही टन वजनाचे विमान आपली गती एकाएकी बदलू शकत नाही. म्हणून समोरचा वारा अचानक १५ नॉटने पडला, की विमानाचा वायुवेग त्याच क्षणी तितकाच घटतो. पंखांवरील उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १४० नॉटचा वेग १२५ वर आला, तर वेगातील घट सुमारे ११ टक्क्यांचीच असते. पण उचल मात्र सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. विमान खचल्यासारखे खाली जाते. उलट समोरचा झोत वाढला, तर तेच विमान वर उचलले जाते आणि ठरलेल्या मार्गाच्या वर तरंगू लागते.

विमानतळावरून मिळणारी वाऱ्याची माहिती उपयुक्त असली, तरी तिच्या मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वारा धावपट्टीजवळ जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजला जातो. हवामानाच्या नियमित वृत्तात १० मिनिटांची सरासरी देतात, आणि त्या काळातील सर्वाधिक वेग सरासरीपेक्षा १० नॉट किंवा अधिक असेल तेव्हा झोताचा वेगळा उल्लेख करतात. नियंत्रण मनोऱ्यातून उतरणाऱ्या विमानाला सांगितला जाणारा वारा २ मिनिटांच्या सरासरीचा असतो. म्हणजे जो वारा सांगितला जातो तो नुकताच होऊन गेलेला असतो, आणि तोही एका ठिकाणचा. ८०० फुटांवरचा वारा सामान्यतः याहून जोराचा आणि काहीसा निराळ्या दिशेचा असतो. शिवाय धावपट्टीलगतच्या इमारती, झाडांच्या रांगा, टेकडीचा कडा यांवरून येणारा वारा भोवरे घेऊन येतो.

जादा वेगाचा हिशेब

झोतांपासून संरक्षण म्हणून वैमानिक उतरताना थोडा अधिक वेग राखतात. विमानाचे वजन आणि फ्लॅपची स्थिती यांवरून आधारवेग ठरतो. उचल तुटण्याच्या वेगापेक्षा तो सुमारे सव्वापट किंवा थोडा अधिक असतो. त्यावर वाऱ्यासाठी किती भर घालावी याचे नियम विमानाच्या जातीप्रमाणे भिन्न आहेत. बोइंगच्या विमानांत, वेग हाताने सांभाळला जात असेल तेव्हा, समोरच्या स्थिर वाऱ्याचा निम्मा भाग आणि झोताचा पूर्ण भाग मिळवितात. ही भर ५ नॉटपेक्षा कमी नसते आणि तिला वरची मर्यादाही असते. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत ती १५ नॉटची आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आधारवेग १४० नॉट आहे. समोरचा स्थिर वारा २० नॉट, आणि झोत ३२ नॉटपर्यंत. स्थिर वाऱ्याचा निम्मा भाग १० आणि झोतातील वाढ १२, मिळून २२ होतात. मर्यादा १५ ची असल्याने लक्ष्यवेग १५५ नॉट ठरतो. जमिनीच्या सापेक्ष वेग १३५ नॉट आणि उतरण्याचा योग्य दर मिनिटाला सुमारे ६७५ फूट. धावपट्टीच्या काठावर येता येता स्थिर वाऱ्यासाठीची भर हळूहळू सोडून द्यावयाची आणि झोतासाठीची भर टेकेपर्यंत राखावयाची, अशी रीत आहे.

एअरबसच्या विमानांत हेच काम बरेचसे संगणक करतो. समोरचा झोत वाढला, की लक्ष्यवेगच आपोआप वर सरकतो आणि झोत ओसरला की खाली येतो. त्यामुळे झोत नाहीसा झाला तरी विमानाच्या अंगी पुरेशी गती शिल्लक राहते. अशा विमानात वेगाचा निर्देशक सतत खालीवर होताना दिसणे हे बिघाडाचे नव्हे, तर व्यवस्था कार्यरत असल्याचे लक्षण होय.

येथे साहजिकच शंका येईल, की भर घालणे हिताचे असेल, तर तिला मर्यादा कशासाठी? याचे उत्तर धावपट्टीत आहे. वेग १४० वरून १५५ झाला, तर थांबविताना जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. समोरचा वारा खरोखर असेल तोवर चिंता नाही, कारण जमिनीचा वेग तो वाराच कमी करतो. परंतु शेवटच्या क्षणी वारा पडला किंवा पाठीमागून वाहू लागला, तर संरक्षणासाठी घेतलेला वेगच संकट ठरतो.

पोलंडमधील वॉर्सा येथे १४ सप्टेंबर १९९३ रोजी असेच घडले. आडवा वारा आणि वाऱ्यातील अचानक बदल अपेक्षित धरून लुफ्तान्साच्या ए-३२० विमानाच्या चालकांनी सुमारे २० नॉटची भर घेतली होती. प्रत्यक्षात टेकतेवेळी वारा पाठीमागून होता आणि धावपट्टी पाण्याने ओली होती. आडव्या वाऱ्यासाठी एका अंगावर झुकविलेले विमान प्रथम उजव्या चाकांवर टेकले आणि डावी चाके सुमारे ९ सेकंदांनी टेकली. दोन्ही बाजूंची चाके दबल्यावाचून पंखांवरील रोधपट्ट्या व इंजिनांचा उलट जोर कार्यान्वित होऊ नये, अशी त्या विमानाची रचना होती. तोपर्यंत निम्म्याहून अधिक धावपट्टी मागे पडली होती. विमान पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन मातीच्या बांधावर आदळले आणि दोन जणांचा मृत्यू झाला.

चंचलता निराळी, अस्थिरता निराळी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झोतवाऱ्यात वेगाचा काटा कधीच स्थिर राहत नाही. १५५ नॉटच्या लक्ष्यवेगाभोवती तो क्षणात १४८ आणि क्षणात १६३ दाखवितो. प्रत्येक हेलकाव्याला ‘अस्थिर’ म्हणावयाचे ठरविले, तर सोसाट्याच्या दिवशी एकही विमान उतरणार नाही. उलट ‘वाराच तसा आहे’ या सबबीखाली सर्व काही चालवून घेतले, तर कसोटीला अर्थ उरणार नाही. या दोहोंमधील रेषा ओळखण्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण सरासरीची. काटा लक्ष्याच्या दोन्ही बाजूंस हेलकावत असेल आणि त्या हेलकाव्यांचा मध्य लक्ष्यावरच असेल, तर ती चंचलता होय. हेलकाव्यांचा मध्यच सरकत चालला असेल, म्हणजे १५५, १५२, १४९, १४६ असा उतरता क्रम लागला असेल, तर प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही उतरण हातची जात आहे असे समजावे.

दुसरी खूण परतण्याची. झोताने ढकललेले विमान दोन-तीन सेकंदांत आपल्या मूळ मार्गावर व वेगावर परत येते काय? मर्यादेचे क्षणिक उल्लंघन अनेक कंपन्यांच्या नियमांत ग्राह्य धरले जाते. पण ते दुरुस्त होत असल्याचे दिसले पाहिजे. दुरुस्ती करूनही विचलन टिकून राहिले, तर ते क्षणिक नव्हे.

तिसरी खूण दुरुस्तीच्या आकाराची. नाक किंचित वर, किंचित खाली, शक्ती थोडी अधिक, थोडी कमी, अशा लहान हालचालींत काम भागत असेल, तर विमान वैमानिकाच्या ताब्यात आहे. प्रत्येक दुरुस्ती मागच्या दुरुस्तीहून मोठी होऊ लागली, इंजिने एकदा पूर्ण जोरावर आणि एकदा किमान पातळीवर जाऊ लागली, तर वैमानिक विमानाच्या मागे धावू लागला आहे असे जाणावे.

चौथी खूण सर्व आकड्यांच्या परस्पर मेळाची. वेग बरोबर, परंतु उतरण्याचा दर मिनिटाला १,१०० फूट आणि शक्ती किमान, अशी स्थिती असेल, तर विमान मार्गाच्या वर होते आणि ते आता घाईने खाली आणले जात आहे. जमिनीचा वेग अपेक्षेहून अधिक दिसू लागला, तर समोरचा म्हणून सांगितलेला वारा पाठीमागचा झालेला असू शकतो. एकेक आकडा सुटा न पाहता सर्वांची एकत्र संगती लावणे महत्त्वाचे असते.

हे सर्व एकट्याने करावयाचे नसते. एक वैमानिक विमान चालवितो आणि दुसरा निरीक्षण करतो. वेग किंवा दर मर्यादेबाहेर जाताच त्याने तो शब्दांत सांगावयाचा आणि चालविणाऱ्याने प्रतिसाद द्यावयाचा, अशी शिस्त आहे. निर्धारित उंचीवर ‘स्थिर’ किंवा ‘अस्थिर’ हा एकच शब्द उच्चारावयाचा असतो. त्यानंतर चर्चेला जागा नसते.

ही कसोटी एकदा उत्तीर्ण झाली म्हणजे कायमची सुटका झाली असेही नाही. १ मार्च २००८ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे वादळी आडव्या वाऱ्यात एक ए-३२० विमान धावपट्टीवर टेकत असताना एका बाजूस कलंडले आणि त्याच्या डाव्या पंखाचे टोक जमिनीला घासले. झोत ४७ नॉटपर्यंत असल्याचे सांगितले गेले होते. चालकांनी तत्काळ विमान वर नेले आणि नंतर ते दुसऱ्या धावपट्टीवर उतरविले. कोणासही इजा झाली नाही. चाके टेकेपर्यंत, किंबहुना टेकल्यावरही काही क्षण, परत फिरण्याची वाट मोकळी असते.

वळवाचे वादळ आणि फसवा वारा

काही प्रसंगी मात्र वर सांगितलेल्या खुणा तपासत बसण्यासही सवड नसते. महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याला एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा पाऊस ठाऊक आहे. दुपारी उकाडा वाढतो, ढग चढतात आणि पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच थंड वाऱ्याचा लोट धूळ उडवीत येतो. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चोहोबाजूंस पसरते, त्याचाच हा लोट होय.

अशा कोसळत्या हवेखालून जाणाऱ्या विमानाला प्रथम समोरचा जोराचा वारा लागतो. वेग वाढतो, विमान वर उचलले जाते, आणि बेसावध वैमानिक शक्ती कमी करतो. पुढच्याच क्षणी हवा विमानाला खाली दाबते आणि त्यानंतर वारा पाठीमागून लागतो. वेग झपाट्याने घटतो, आणि त्या वेळी इंजिने मंद असतात. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारे बोइंग ७२७ विमान अशाच वाऱ्यात सापडून ११३ जण मृत्युमुखी पडले. शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी या अपघाताच्या अभ्यासातून कोसळत्या वाऱ्याची ही प्रक्रिया उलगडून दाखविली. तरीही २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे याच कारणाने ट्रायस्टार जातीचे विमान कोसळून १३७ जणांचा बळी गेला. त्यानंतर वाऱ्यातील बदलाची सूचना देणारी यंत्रे विमानांत बसविण्यास वेग आला.

यावरून एक महत्त्वाचा धडा मिळतो. वादळाच्या परिसरात वेग अचानक वाढणे ही सुवार्ता नसून पूर्वसूचना असू शकते. यंत्राने उतरणीच्या वेळी वाऱ्यातील बदलाचा इशारा दिला, तर स्थिर-अस्थिरतेचा विचार न करता विमान वर न्यावे असाच नियम आहे.

आकडे दिसतात, पण मन वळत नाही

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल, की खरी अडचण वाऱ्याची आहे. अनुभव वेगळेच सांगतो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार शंभरातील तीन ते चार अवतरणे अस्थिर ठरतात. ही संख्या थोडी आहे. चिंतेची बाब ही, की अशा अस्थिर अवतरणांपैकी सुमारे ९७ टक्के प्रसंगी वैमानिक परत न फिरता उतरणेच पसंत करतात. त्यांतील बहुतेक सुखरूप उतरतात, आणि म्हणूनच सवय पक्की होते.

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे पहाटे दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७-८०० विमानाला अपघात झाला. त्या वेळी वारा जवळजवळ शांत होता. अंतिम टप्प्यात विमान योग्य उंचीच्या सुमारे दुप्पट उंचीवर होते. सहवैमानिकाने परत फिरण्यास तीन वेळा सांगितले. यंत्रानेही इशारे दिले. तरीही उतरण सोडली गेली नाही. विमान सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर आरंभापासून सुमारे ५,२०० फूट पुढे टेकले, पठाराच्या कड्यावरून खाली दरीत कोसळले आणि १५८ जणांचे प्राण गेले. आठ जण वाचले. अस्थिर उतरण न सोडणे हेच अपघाताचे प्रत्यक्ष कारण असल्याचा निष्कर्ष चौकशी न्यायालयाने काढला.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, केरळातील कोझिकोडे विमानतळावर याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. तोही पठारावरील विमानतळ. मुसळधार पाऊस, पाठीमागून वारा आणि ओली धावपट्टी. पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या दिशेने उतरताना विमान सुमारे अर्धी धावपट्टी ओलांडल्यावर टेकले आणि कड्यावरून खाली जाऊन त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले. अस्थिर अवतरण चालू ठेवून नियत क्षेत्राच्या पलीकडे विमान टेकविले गेले, असे चौकशी अहवालात नमूद आहे.

वारा शांत असो वा वादळी, दोन्ही प्रसंगी निर्णयाचा क्षण तोच होता. इतकी वाट चालून आल्यावर, धावपट्टी समोर दिसत असताना, परत फिरण्याचे माणसाच्या जिवावर येते. अनुभवी वैमानिकाला आपल्या कौशल्याचा भरवसा असतो, तर कनिष्ठाला वरिष्ठाचा संकोच असतो. म्हणूनच मर्यादा आधी ठरवून ठेवण्यास महत्त्व आहे. शेवटच्या ८० सेकंदांत बुद्धीला नव्याने न्यायनिवाडा करावा लागू नये, निवाडा आधीच झालेला असावा आणि तेथे केवळ त्याची अंमलबजावणी व्हावी, हा त्यामागील हेतू आहे. सहकारी वैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हणताच, तो वयाने किंवा हुद्द्याने लहान असला तरी, विमान वर गेलेच पाहिजे ही शिकवण आज प्रशिक्षणात आवर्जून दिली जाते.

परत फिरण्याची किंमत

परत फिरण्यात वेळ व इंधन खर्ची पडते हे खरे. परंतु ते इंधन त्यासाठीच विमानात भरलेले असते. गंतव्य विमानतळावर उतरता आले नाही, तर पर्यायी विमानतळ गाठून वर आणखी ३० मिनिटे आकाशात राहता येईल एवढा साठा जेट विमानात असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. परत फिरण्याच्या निर्णयाबद्दल वैमानिकास जाब विचारला जाणार नाही, असे धोरणही अनेक कंपन्यांनी जाहीर केले आहे. या धोरणाचा आशय असा, की दहा वेळा कदाचित अनावश्यक फेरी झाली तरी चालेल, परंतु एकदा आवश्यक असताना ती टळता कामा नये.

यात प्रवाशांचाही वाटा आहे. मुंबईच्या पावसाळ्यात एखादे विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा आकाशात झेपावते, तेव्हा आतील प्रवासी घाबरतात आणि मागाहून चालकास दोष देतात. वस्तुतः इंजिनांचा तो वाढलेला आवाज म्हणजे नियम पाळला गेल्याची ग्वाही असते. विमान अर्ध्या तासाने उतरले, बैठकीस उशीर झाला, पुढची गाडी चुकली, तरी तक्रारीचे कारण नाही.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना हा विषय वर्गात सहज मांडता येईल. वेगाच्या वर्गाचे प्रमाण, सापेक्ष वेग, ३ अंशांच्या कोनाचा उतार आणि सरासरी व विचलन यांतील भेद ही सर्व गणिते त्यात आहेत. फळ्यावर १५५ ही रेषा आखावी. तिच्याभोवती हेलकावणारी पण वारंवार तिच्याकडे परतणारी एक वक्ररेषा काढावी, आणि मर्यादेच्या आतच राहून हळूहळू खाली सरकणारी दुसरी काढावी. यांपैकी कोणत्या विमानाने परत फिरावे, असे विद्यार्थ्यांना विचारावे. बहुतेकांचे बोट प्रथम अधिक हेलकावणाऱ्या रेषेकडे जाईल. ते दुसऱ्या रेषेकडे का जावे हे त्यांनी स्वतः सांगितले, म्हणजे पाठ पूर्ण झाला असे समजावे.